डावीकडच्या तीन स्प्रिंगा

प्रिय दादा,

पाकिटावर तुझं नवं नाव घातलंय, कारण त्याशिवाय पत्र तुझ्या हातात पडणार नाही असं मठातून आलेल्या तुमच्या बुवांनी सांगितलं. चार शब्दांचं ते नाव मला तोंडपाठ नाही, त्यांच्या कागदावरून बघून उतरवलं. पण पाकिटाच्या आत तुमच्या मठाचं राज्य चालत नाही. इथे तू दादाच आहेस, सांडलेल्या खिळ्यांवर अनवाणी पाय देऊन दोन दिवस लंगडत फिरलेला आणि माझ्या हातून सांडलेले ते खिळे आपणच सांडले असं बाबांना सांगणारा दादा. तेव्हाही तू नाकानेच कांदे सोलायचास. मठात फक्त त्याची सोय जास्त चांगली झाली असेल.

तर तुमचा कागद मिळाला. नियम बुवांनी मला दोनदा समजावून सांगितला, जणू मीच मठात प्रवेश मागत होते. सहा वर्षं काढलेल्या माणसाला शेवटची शपथ द्यायची झाली, की आधी त्याच्या सगळ्यात जवळच्या नातेवाइकाकडे एक कागद जातो. त्यावर प्रश्न दोनच. या माणसाची घरात कोणाला गरज आहे का? असल्यास कोणाला आणि कशासाठी? 'नाही' लिहून सही केली की तू कायमचा देवाचा. 'आहे' लिहिलं तर शपथ थांबते, आणि ती गरज पुरी केल्याशिवाय तुला परत मठाची पायरी चढता येत नाही. खोटं कशाला बोलू, मला हा नियम आवडला. तुमच्या लोकांनी शहाणपणाची म्हणावी अशी ही एकच गोष्ट केलीय. फक्त हा प्रश्न तू घर सोडलंस त्या सकाळी विचारायला हवा होता. आता कागद कापड कापायच्या टेबलावर पडलाय, उडू नये म्हणून वर खडूची डबी ठेवलीय, आणि दोन्ही जागा अजून कोऱ्या आहेत.

कागदासोबत तुझी चिठ्ठीही होती. तू लिहितोस, मी समजूतदार आहे आणि योग्य तेच लिहीन. आपल्या घरात हा शब्द कधी निघतो ते मला माहीत आहे. कोणाच्या तरी गळ्यात काम घालायचं असलं की आधी त्याला समजूतदार म्हणायचं. पुढे तू लिहितोस की देवावरचं प्रेम आणि माणसांवरचं प्रेम ही दोन वेगळी प्रेमं नाहीतच, तू जितका देवाच्या जवळ जातोस तितका आमच्याही जवळ येतोस. हे वाचून मी बाबांच्या तोंडाकडे बघितलं. तू जवळ आल्याचं त्यांना काही जाणवलेलं दिसलं नाही. मठापासून आपल्या दुकानापर्यंत बसला सहा तास लागतात, मध्ये एकदा गाडी बदलावी लागते, आणि तुझ्या सहा वर्षांच्या भक्तीने त्यातलं एक मिनिटही कमी झालेलं नाही. मी वेळापत्रक बघितलंय.

दरवर्षी तुझं छापील कार्ड येतं, तेही सांगून टाकते. 'तुम्हा सर्वांसाठी मी रोज प्रार्थना करतो.' घरात आम्ही दोघं, आणि तुझ्या 'सर्वां'त आम्ही कसेबसे मावतो. पहिलं कार्ड मी बाबांना वाचून दाखवलं होतं. दुसऱ्या कार्डाची चार पदरी घडी घालून बाबांच्या खुर्चीच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सरकवली. म्हणजे तुझ्या प्रार्थनेचा आधार त्यांना अगदीच मिळाला नाही असं म्हणता येणार नाही. पुढची तीन कार्डं ड्रॉवरमध्ये आहेत, इतर पाय अजून शाबूत असल्यामुळे.

बाबांचं म्हणशील तर डावा हात आणि डावा पाय तसाच लुळा आहे. बोलता येतं, जीभ जड आहे इतकंच, पण ते पूर्वी तरी कुठे बोलायचे. लोक मूग गिळून गप्प बसतात, आपले बाबा खिळे धरून. सकाळी खुर्च्या-सोफे भरायचं दुकान उघडलं की ओंजळभर बारीक खिळे तोंडात, जिभेने एकेक पुढे आणायचा, हातोडीच्या टोकावर घ्यायचा, ठोकायचा. गिऱ्हाईक आलं तर मानेने हो किंवा नाही. तुला आठवतं, तू मित्रांना सांगायचास की आमचे बाबा काम करताना ध्यानात असतात. ते ध्यान नव्हतं रे. तोंडात खिळे असले की माणसाला उत्तरं द्यावी लागत नाहीत. आई गेल्यावर त्यांनी खिळ्यांची ओंजळ वाढवली हे तुझ्या लक्षात आलं नाही, माझ्या आलं होतं. पण तुला त्यात ध्यानच दिसलं आणि त्यावर तू आपलं सगळं आयुष्य उभं केलंस. गैरसमजावर इतकं मजबूत बांधकाम मी दुसरं पाहिलं नाही.

आईचा विषय निघालाच आहे तर तेही लिहिते. तू पंधराचा होतास आणि मी अकराची. ती अंथरुणावर होती त्या चार महिन्यांत तू मला तिच्या खोलीत येऊ दिलं नाहीस. दार तू आतून लावून घ्यायचास आणि मी बाहेर काथ्याच्या पोत्यावर बसून असायची. मला वाटायचं, आई तू तुझ्या एकट्यासाठी ठेवून घेतलीस. आत काय चाललं होतं, तिला कुशीवर वळवताना ती काय आवाज करायची, चादरीवर काय असायचं, हे मला पुष्कळ वर्षांनी बाबांची चादर बदलताना कळलं. पंधरा वर्षांच्या मुलाने ते एकट्याने केलं. त्यानंतर तू प्रार्थनेला जायला लागलास, आधी आठवड्यातून एकदा, मग रोज, मग दोन्ही वेळा. देवाचं अंग गरम होत नाही, त्याला पाठीवर जखमा होत नाहीत, त्याला वळवावं लागत नाही. प्रेम करायला तुला शेवटी असा कोणीतरी सापडला जो कधी आजारीच पडत नाही. निवड हुशारीची होती, मला मान्य आहे.

तू गेलास ती सकाळ फार छान पार पाडलीस. आदल्या आठवड्यात बाबांच्या खुर्चीचं जुनं कापड काढून नवं लावलंस, गडद हिरवं, जाड विणीचं. मला वाटलं, ही निरोपाची भेट. बाबा त्यात बसले, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे सरकून बघितलं, आणि मान हलवली. त्यांच्याकडून यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र आजवर कोणाला मिळालेलं नाही. मग तू पिशवी उचललीस आणि मला म्हणालास की सगळं देवावर सोपव. सात महिन्यांनी, सकाळी दात घासताना, बाबा न्हाणीच्या दारात पडले. मी मठात फोन केला तर सांगण्यात आलं की पहिलं वर्ष मौनाचं असतं, निरोप देऊ. निरोप दिला असणार, कारण त्या वर्षीच्या कार्डावर 'रोज' या शब्दाखाली पेनाने रेघ मारलेली होती.

मी सगळं देवावर सोपवून बघितलं नाही, कारण देव दुकानात कधी आला नाही. चौथ्या दिवशी शेजारच्या चष्मेवाल्याच्या मदतीने बाबांना दवाखान्यातून घरी आणलं, मागच्या खोलीत पलंग टाकला, खुर्ची दुकानातून आत घेतली. तेव्हापासून सकाळी साडेसहाला त्यांना उठवायचं, पुसायचं, खुर्चीत बसवायचं, सूप भरवायचं, दुकान उघडायचं, दर दोन तासांनी आत जाऊन त्यांना सरळ करायचं. त्यात सिनेमागृहाच्या खुर्च्या, डॉक्टरांची बाकडी, लोकांचे बसून बसून खड्डे पडलेले सोफे. आपल्याला खुर्च्यांचे सांगाडे करून देणारा सुतार तीन वर्षं माझ्यासाठी थांबला होता. मी दर वेळी म्हणायची, बाबांचं जरा मार्गी लागू दे. शेवटी त्याने दुसरीकडे लग्न केलं. त्याच्या बायकोच्या सोफ्याला कापड मीच लावलं आणि चांगलं लावलं. हे तुला दया यावी म्हणून लिहीत नाही. तुझी दया मला छापील स्वरूपात मिळतेच आहे.

आता बुवांचं ऐक. गेल्या महिन्यात सोमवारी सकाळी ते कागद घेऊन आले. मी दारातच उभी राहिले, आत बोलवायचा माझा विचार नव्हता. म्हातारा माणूस, पायात फाटके बूट, आवाज असा की शेवटच्या सीटपर्यंत ऐकू जावा. मी दोन-चार गोष्टी तुझ्याबद्दल आणि दोन-चार देवाबद्दल सुनावायला सुरुवात केली, पण त्यांचं लक्षच नव्हतं. ते माझ्या खांद्यावरून आत बघत होते. बाबा खुर्चीत डावीकडे कलंडून घसरायला लागले होते. बुवांनी विचारलं नाही, माफ करा म्हटलं नाही, मला बाजूला सारून आत गेले, एक गुडघा बाबांच्या गुडघ्याला लावला, काखेत हात घातला आणि एका दमात त्यांना वर घेतलं. मी पाच वर्षांहून जास्त करतेय, मला अजून ते इतक्या सहज जमत नाही. मग त्यांनी बाबांचा सदरा पाठीमागून सरळ केला. ती सुरकुती पाठीला रुतते, हे फक्त ज्याने केलंय त्यालाच माहीत असतं.

नाइलाजाने चहा केला. कळलं की ते तीस वर्षं बस चालवत होते आणि आता मठात अंथरुणाला खिळलेल्या आठ म्हाताऱ्यांचं सगळं करतात. मी खवचटपणे विचारलं, मग देवासाठी वेळ कसा उरतो. ते म्हणाले, सकाळची प्रार्थना बहुतेक वेळा चुकतेच, कारण चादरी बदलायची वेळ तीच असते. देव थांबतो, ओली चादर थांबत नाही. हे सांगताना आवाजात काही शिकवण्याचा आव नव्हता. बस उशिरा का आली ते सांगावं तसं सांगितलं. मला राग आला, कारण माझ्याकडे तुमच्या मठासाठी सहा वर्षांचा तिरस्कार साठवलेला होता आणि हा माणूस तो खर्च करायला जागाच देत नव्हता.

तुझ्याबद्दलही त्यांनी सांगितलं, मी विचारलं म्हणून. तुझा आवाज सगळ्यांत चांगला आहे. प्रार्थनेला तू सगळ्यांच्या आधी हजर असतोस. पण म्हाताऱ्यांच्या ओवरीत तुझी पाळी आली, की तू कोणाशी तरी अदलाबदल करतोस आणि वाफे खणायला जातोस. सहा वर्षांत एकदाही तू त्या ओवरीत आलेला नाहीस. तिथे मात्र तू बाहेरच राहिलास तर. निदान बाहेर बसायला तुला काथ्याचं पोतं मिळत असेल अशी आशा आहे.

जाताना बुवा दारात थांबून म्हणाले की खुर्ची डावीकडे बसलीय, म्हणून ते घसरतात. एका बसड्रायव्हरने मला, खुर्च्या भरणाऱ्या बापाच्या मुलीला, माझ्याच घरातली खुर्ची बसलीय म्हणून सांगावं, ही शरम मला पुरली. मला रोज घसरलेले बाबा दिसत होते, खुर्ची दिसत नव्हती. मंगळवारी त्यांना दिवसभर पलंगावर ठेवलं आणि खुर्ची टेबलावर उलटी घातली. खालचं तरट फाडलं, पट्टे सोडवले आणि सुतळी कापायला सुरुवात केली. बाबांचा नियम तुला माहीत आहे, जुन्या गाठीवर नवी गाठ मारायची नाही, आधी सगळं कापून मोकळं करायचं. हात सवयीने चालत होता. नऊपैकी सहा स्प्रिंगा मोकळ्या झाल्यावर माझ्या लक्षात आलं की गाठी उलट्या फिरतात. डावखुऱ्याच्या गाठी. म्हणजे तू फक्त कापड बदललं नव्हतंस, सगळी बैठक आतून नव्याने बांधली होतीस आणि मला चकार शब्द सांगितला नव्हतास.

मग राहिलेल्या तीन स्प्रिंगा नीट बघितल्या. त्या डावीकडच्या होत्या. आपण बैठक बांधतो ती सपाट बांधतो, नऊच्या नऊ एका उंचीला, दोरी धरून बघायची आणि एक केसभरही वर-खाली चालवून घ्यायची नाही. तुझ्या या तीन एक बोट उंच होत्या. एक सुतळी सहा वर्षांत कुजून तुटली होती, म्हणून बैठक बसली, पण उरलेल्या दोन्हींवरून उंची कळत होती. चुकून नव्हे, मोजून. दोन्हींना सारखीच ढील आणि वर काथ्याचा जास्तीचा थर, कडेला बाकदार सुईने टाके घालून पक्का केलेला. हे काम आपण फक्त अधू माणसांच्या खुर्च्यांना करतो. ज्याची एक बाजू उतरते त्याची ती बाजू आतून उचलून धरायची, वरून दिसू द्यायची नाही. दादा, बाबा पडण्याआधी सात महिने तू ते बांधलं होतंस. बाबा डावीकडे कलायला लागलेत हे तुला तेव्हाच दिसलं होतं. मला दिसलं नव्हतं, डॉक्टरांना कळलं नव्हतं, खुद्द बाबांनाही माहीत नसेल. तुला दिसलं, कारण आईचं सुरू झालं तेही तूच पहिल्यांदा बघितलं होतंस. तू त्यांच्यासाठी आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम केलंस, त्यावर हिरवं कापड ठोकलंस, आणि पळून गेलास.

इतका संताप मला कधी आला नव्हता. तुझं प्रेम नाही असं समजून मी सहा वर्षं आरामात जगले. तू दगड आहेस, ढोंगी आहेस, उंटावरून शेळ्या हाकतोस, हे सगळं मला सोयीचं होतं. आता कळलं की प्रेम होतं. बोटाने मोजता येईल इतकं होतं, आणि तरी तू काखा वर केल्यास. दगडाला माफ करता येतं. ज्याला सगळं दिसलं आणि दिसल्यामुळेच जो गेला, त्याचं काय करायचं ते मला कोणी शिकवलेलं नाही. तुमच्या देवालाही हा प्रकार आवडला असेल असं मला वाटत नाही. त्याच्याकडे येणाऱ्या माणसाने हातातलं काम दारात टाकून यावं असं त्याने कधी म्हटलं असेल, तर मग त्याच्याबद्दलचं माझं मत आहे तेच बरोबर आहे. पण बुवांकडे बघून वाटतं, त्याने तसं म्हटलं नसावं. तूच ते त्याच्या नावावर खपवलं असणार.

बुधवारी मी बैठक बांधली. तुझ्या मापाने, डावीकडे एक बोट उंच. बाबांना बसवलं तर ते उजवीकडे सरकले. सहा वर्षांत त्यांचं अंग बदललंय, एक बोट आता चालत नाही. कापून परत बांधली, अर्धं बोट. तरी घसरले. तुला माहीत आहे हे काम कसं करतात. तू आणि बाबा त्या पायाने अधू मास्तरांची खुर्ची करत होतात तेव्हा मी दिवा धरून उभी होते. एकाने माणसाला बैठकीवर धरायचं, त्याचा सगळा भार अंगावर घेऊन हळूहळू सोडायचा, आणि दुसऱ्याने खाली आडवं होऊन, भार पडेल तशी सुतळी ओढत गाठ मारायची. एकट्याने होत नाही. चष्मेवाल्याला बोलावलं, तर तो बाबांना काचेचं कपाट धरावं तसा लांबून धरून उभा राहिला आणि दोन मिनिटांत घामाघूम झाला. तशी कशीबशी बांधून झाल्यावर बाबा बसले, त्यांनी डावीकडे-उजवीकडे सरकून बघितलं, आणि जड जिभेने म्हणाले की हे त्याचं नाही. त्यांना सहा वर्षं माहीत होतं. ते तुझ्या कामावर बसून होते आणि मी तुझं नाव काढलं की मान फिरवायचे. मला वाटायचं, तुझ्यावरचा राग म्हणून.

आता गुरुवारचं लिहायचं आहे, आणि इथवर पोचायला मी एवढे कागद घेतले. दाताच्या डॉक्टरांच्या बारा खुर्च्या संध्याकाळपर्यंत द्यायच्या होत्या. दुपारी बाबांना त्याच फसलेल्या बैठकीवर बसवलं आणि मी दुकानात खुर्च्यांच्या कडा ठोकायला बसले. मधलं दार उघडं असतं, आतली खुर्ची मला समोर दिसते. थोड्या वेळाने बाबा कलायला लागले. मी बघितलं. त्यांनी हाक मारली नाही, नुसतं माझ्याकडे बघितलं. मी ओंजळभर खिळे घेतले आणि तोंडात धरले. एक खुर्ची झाली, दुसरी झाली. ते घसरत होते आणि मी ठोकत होते. मी मनात तुझ्याशी भांडत होते, तुझ्या कागदाशी, तुझ्या चिठ्ठीतल्या त्या 'समजूतदार'शी. आणि मधेच अगदी स्वच्छ विचार आला, की पडू देत. पडले तर संपेल, मग कागदावर काय लिहायचं हा प्रश्नच उरणार नाही. तिसरी खुर्ची मी पूर्ण केली, कडेची शिवण सरळ आली की नाही तेही बघितलं. मग उठले. बाबांचे गुडघे जमिनीला टेकले होते, हनुवटी छातीत रुतली होती आणि चांगल्या हाताने त्यांनी खुर्चीचा हात धरून ठेवला होता, बोटं पांढरी पडेपर्यंत. मी त्यांना वर घेतलं. त्यांनी श्वास घेतला आणि मला विचारलं, झालं का काम. टोमणा नव्हता तो. गिऱ्हाईक दारात असताना कारागिराने कारागिराला विचारावं तसं विचारलं.

म्हणून हे पत्र लिहितेय. तुला शिव्या घालायला नव्हे, त्या मी टपालखर्चाशिवायही घालते. तू देवाचं नाव घेऊन पाठ फिरवलीस आणि मी गुरुवारी तुझं नाव घेऊन फिरवली, यात मोठं कोण ते मला ठरवता येत नाही. तुझ्यावर थुंकायला मी उंचावर उभी होते, ती जागा आता राहिली नाही. माझ्याकडे देव नाही ज्याला हे सांगावं, तूच आहेस, आणि तुझ्यावर माझा अजून राग आहे. मला भीती वाटते, दादा, पुढच्या वेळी मी चौथी खुर्चीही पूर्ण करीन. कागद भरून सोबत ठेवलाय, बुवांना दे. पहिल्या प्रश्नापुढे 'आहे' लिहिलंय. कोणाला, तिथे बाबांचं नाव लिहिणार होते, पण ते खोटं झालं असतं, त्यांनी सहा वर्षांत तुला एकदाही मागितलं नाही. तिथे 'धाकट्या बहिणीला' असं लिहिलंय. कशासाठी, त्यापुढे जागा एकाच ओळीची होती, म्हणून 'धरायला' एवढंच लिहिलं. बांधायचं मी करीन, तू बाबांना धर, त्यांचा भार अंगावर घे आणि मी सांगेन तसा हळूहळू सोड. बस सकाळी पावणेसातला सुटते, दुसरी गाडी पुलाजवळ मिळते. तुझी हातोडी खिडकीजवळच टांगलेली आहे, ती डाव्या हाताने झिजलीय, माझ्या हातात कधी बसली नाही.

तुझीच,
धाकटी